घळ, लेणे आणि पाण्याची पातळी : शहापूर-मुरबाड परिसरातील पाऊस-पाणी जोखण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पायथ्याशी वसलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. माहुली, आजोबा, गोरखगड, सिद्धगड यांसारखे डोंगर, नाणेघाट व माळशेज यांसारख्या घाटवाटा आणि तानसा, भातसा यांसारखी धरणे ही या प्रदेशाची ओळख होय. गेल्या काही दशकांत गिरिभ्रमण करणाऱ्यांची पावले येथील घळी, लेणी व अरुंद दऱ्यांकडे मोठ्या प्रमाणावर वळली. त्याबरोबर पाण्याच्या अचानक येणाऱ्या लोंढ्याचा प्रश्नही पुढे आला. हा प्रश्न सामान्यतः पर्यटनाचा किंवा आपत्ती व्यवस्थापनाचा म्हणून मांडला जातो. त्याला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

उद्दिष्टे :

१) शहापूर-मुरबाड परिसरात डोंगरवाटांवर जाण्यापूर्वी पाऊस व पाणी जोखण्याच्या पद्धती कालक्रमाने पाहणे.
२) या पद्धती कोणाच्या गरजेतून निर्माण झाल्या, याचा शोध घेणे.
३) घळीत उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून कोरीव लेख, शासकीय नोंदी आणि अलीकडील घटना यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) कातळातील गुहेचे स्वरूप

जगात गुहाभ्रमणाचे शास्त्र प्रामुख्याने चुनखडीच्या प्रदेशात वाढले. तेथे भूगर्भातील पाणी खडक विरघळवून मैलोगणती लांबीची भुयारे तयार करते. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या कातळाचा प्रदेश असल्याने अशी भुयारे येथे आढळत नाहीत. येथे गुहा म्हणजे एकतर माणसाने खोदलेले लेणे, किंवा कड्याच्या पोटातील कपार, किंवा पाण्याने खडकाच्या भेगेतून कोरून काढलेली घळ.

तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे सांदण दरी. रतनगड व आजोबा यांच्या दरम्यान, अकोले तालुक्यातील साम्रद गावापासून सुरू होणारी ही घळ शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या बाजूस उतरते. काही ठिकाणी तिच्या भिंती इतक्या जवळ येतात की सूर्यप्रकाश तळापर्यंत क्वचितच पोहोचतो. हिवाळ्यातही तिच्यात पाण्याचे डोह राहतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील पाणी याच भेगेतून खाली येते, म्हणून त्या काळात जाणकार तिच्यात उतरणे टाळतात. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, पाऊस पडतो तो माथ्यावर आणि पाणी येते ते तळाशी. घळीत असलेल्या माणसाला आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. डेहण्याकडील आभाळ निरभ्र असतानाही साम्रदच्या अंगाला सर कोसळू शकते. पाण्याला बाजूला पसरण्यास जागा नसल्याने पातळी वेगाने चढते आणि गुळगुळीत भिंतींमुळे वर चढून जाण्याचा मार्ग उरत नाही. चुनखडीच्या भुयारात जो धोका असतो, तोच येथे उघड्या छताखाली असतो.

ब) ऋतूची पद्धती : सातवाहनकाळ

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारा नाणेघाट हा कल्याण व सोपारा या बंदरांना जुन्नरशी जोडणारा प्राचीन व्यापारी मार्ग होता. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख असून त्यात यज्ञ व दानांची जंत्री आणि संख्यांची प्राचीन चिन्हे आढळतात. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी व गेओर्ग ब्यूलर यांनी त्याचे वाचन पुढे नेले.

या लेण्याचा विचार सामान्यतः राजकीय इतिहासाच्या अंगाने होतो. पाण्याच्या अंगाने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. घाटाची दगडी वाट दोन कड्यांमधील घळीतून चढते व पावसाळ्यात त्याच घळीतून पाणी उतरते. म्हणजेच वर्षातील काही महिने हा रस्ता स्वतःच ओढा होतो. लेण्याच्या परिसरात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या दानाचा लेखही येथे असून त्यातील ‘पोढी’ या शब्दाचा अर्थ पाण्याचे टाके असा होतो. पावसाचे पाणी वाटेवरून धोका म्हणून येते आणि टाक्यात ठेव म्हणून साठते, हा दुहेरी व्यवहार त्या काळच्या लोकांना पूर्णपणे अवगत होता.

सातवाहनांच्या लेखांत काळाची नोंद ग्रीष्म, वर्षा व हेमंत या तीन ऋतूंच्या पंधरवड्यांनी केलेली असते. प्रशासन, दान आणि प्रवास या सर्वांची चौकट ऋतू हीच होती. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास हा याच चौकटीचा धार्मिक आविष्कार होय. पावसाळ्याचे तीन महिने भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहण्याचा हा नियम होता. समुद्रावरही मोसमी वाऱ्यांचे वेळापत्रक पाळले जात असे, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथावरून दिसते. या पद्धतीत रोजची पाहणी दुय्यम होती. विशिष्ट काळ जाण्याचा नव्हे, एवढा निर्णय मुख्य होता.

क) नक्षत्र व नजर : लोकपरंपरा

मध्ययुगीन व त्यानंतरच्या काळात हीच चौकट नक्षत्रांच्या रूपाने अधिक सूक्ष्म झाली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा ते हस्त अशा नक्षत्रांच्या पावसाचे स्वभाव शेतकऱ्याने ठरवून ठेवले. पंचांगातील वाहने आणि सहदेव-भाडळीच्या नावे प्रचलित असलेले पर्जन्यविषयक आडाखे हे या ज्ञानाचे लिखित रूप होते.

त्याच्या जोडीला प्रत्यक्ष पाहणी होती. शहापूर व मुरबाड भागातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी व वारली समाजांचा वावर रानात व ओढ्याकाठी राहिला आहे. निवळ पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पाने व काटक्या वाहत येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, माथ्यावर ढग दाटून कडा दिसेनासा होणे, या वरच्या अंगाला पाऊस झाल्याच्या खुणा होत. या ज्ञानाचे वैशिष्ट्य म्हणजे ते स्थानाशी बांधलेले आहे. कोणत्या ओढ्याला पाणी कोठून येते व किती वेळात येते, हे त्या ओढ्याकाठी राहणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याची नोंद कोणत्याही कचेरीत नाही. त्यामुळे रोजगारासाठी पिढी गावाबाहेर पडली की हे ज्ञानही तिच्याबरोबर गावातून निघून जाते.

ड) मोजमापाची पद्धती : वसाहतकाळ व नंतर

१८२६ मध्ये मुंबईत कुलाबा वेधशाळा आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापक बसविण्यात आले. या नोंदींचा मुख्य उपयोग पीक, महसूल व दुष्काळ यांच्या अंदाजासाठी होता.

दुसरे मोजमाप मुंबईच्या तहानेतून आले. शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईस मिळू लागले. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर आणि त्यानंतर भातसा प्रकल्प उभा राहिला. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा वाटा, एकट्या भातशाचा आहे. या तलावांची पातळी दररोज मोजून जाहीर केली जाते. मुंबईकर ती वृत्तपत्रात वाचतो. मात्र याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि धरणाला पाणी पुरवणाऱ्या डोंगरी ओढ्यांवर, घळींच्या तोंडाशी, पातळी दाखविणारी साधी पट्टीही सहसा नसते. जेथे पाण्याचा उपयोग शहराला आहे तेथे ते सेंटिमीटरपर्यंत मोजले गेले. जेथे ते केवळ स्थानिकाच्या वा वाटसरूच्या जिवाशी संबंधित आहे, तेथे मोजले गेले नाही.

इ) तीन पद्धतींची परीक्षा

आज जिल्हानिहाय पिवळे, नारंगी व लाल इशारे दिले जातात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.५ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ अशी वर्गवारी आहे. परंतु जिल्हा हे मोठे क्षेत्र आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर नोंद झाली, तर त्याच शहरातील कुलाबा येथे ती सुमारे ७३ मिलिमीटर होती. एका शहरात एवढा फरक पडत असेल, तर घाटमाथा व पायथा यांच्यातील फरकाचा अंदाज जिल्ह्याच्या एका रंगावरून बांधता येत नाही. शिवाय २४ तासांची बेरीज घळीला लागू पडत नाही, कारण तेथे एका तासाची सरही पुरेशी असते.

केवळ ऋतूवर विसंबणेही अपुरे आहे, याचा दाखला थायलंडमधील थाम लुआंग गुहेने दिला. या गुहेच्या तोंडाशी जुलै ते नोव्हेंबर या काळात आत जाणे धोक्याचे असल्याचा फलक होता. १२ मुले व त्यांचे प्रशिक्षक २३ जून २०१८ रोजी, म्हणजे फलकावरील मुदतीच्या आठवडाभर आधी, आत गेले. पाऊस मात्र फलकाप्रमाणे आला नाही. १० जुलैपर्यंत सर्वांची सुटका झाली, तथापि बचावकार्यात एका माजी नौदल पाणबुड्याचा मृत्यू झाला व दुसरा तेथे झालेल्या संसर्गाने पुढील वर्षी मरण पावला. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनी तांत्रिक साहाय्य केले होते. महाराष्ट्रात ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेथेही प्रवाह काही क्षणांतच वाढला होता.

प्रशासन धबधब्यांच्या परिसरात पावसाळी मनाई आदेश काढते. त्यांची उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु मनाई आदेश ही पुन्हा ऋतूचीच पद्धती होय. अवकाळी पावसात किंवा परतीच्या पावसात तिचा आधार मिळत नाही.

निष्कर्ष :

१) शहापूर-मुरबाड परिसरात पाणी जोखण्याच्या ऋतू, नजर व मोजमाप या तीन पद्धती क्रमाने विकसित झाल्या. नंतरच्या पद्धतीने आधीची अनावश्यक ठरविली नाही.

२) प्रत्येक पद्धती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. ऋतू ‘या महिन्यात जावे का’ हे सांगतो, हवामानाचा इशारा ‘आज जावे का’ हे सांगतो आणि स्थानिकाची नजर ‘या क्षणी पुढे जावे की मागे फिरावे’ हे सांगते. तिन्हींचे उत्तर अनुकूल असल्याखेरीज घळीत उतरणे योग्य ठरत नाही.

३) मोजमापाची यंत्रणा महसूल व शहराचा पाणीपुरवठा यांच्या गरजेतून वाढली. त्यामुळे घळींच्या तोंडाशी व घाटमाथ्याच्या गावांत तिचा अभाव राहिला.

४) साम्रद, डेहणे, वैशाखरे यांसारख्या गावांतील पाण्याविषयीचे मौखिक ज्ञान नोंदविण्याचे कार्य परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे आहे. घळीच्या तोंडाशी रंगविलेली एक पातळीपट्टी आणि माथ्यावरील गावातून खाली येणारा एक दूरध्वनी, एवढी साधनेही जीव वाचविण्यास उपयोगी पडू शकतात. नाणेघाटात टाके खोदविणाऱ्या दात्यांनी वाटसरूच्या पाण्याची काळजी वाहिली होती. त्याच वाटांवरील आजच्या वाटसरूला पाण्यापासून जपण्याची जबाबदारी आता स्थानिक संस्थांची आहे.