'मोगली'तला बघीरा: ॲनिमेतल्या लढवय्या काळ्या बिबट्याचं भंडाऱ्याच्या वैनगंगेशी नातं काय?

ॲनिमेत दणकट, मारामारीला तयार असलेल्या मांजरांची कमी नाही. 'फेअरी टेल'मधला पँथर लिली एरवी इवलासा असतो, पण लढाईची वेळ आली की धिप्पाड होऊन तलवार चालवतो. 'वन पीस'मध्ये नेकोमामुशी आहे. पण यांच्या कितीतरी आधी आपल्या घरात शिरलेलं असं पात्र म्हणजे 'मोगली'तला काळा बिबट्या, बघीरा.

हो, 'मोगली' हे ॲनिमेच. जपानच्या 'निप्पॉन ॲनिमेशन' या स्टुडिओने १९८९ मध्ये ही ५२ भागांची मालिका आणली. ९० च्या दशकात ती हिंदीत डब होऊन दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. शीर्षकगीत गुलजार यांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्यामुळे खलनायक भाव खाऊन गेला, बघीरा मात्र कायम दुसऱ्या रांगेत राहिला.

मूळ कथा रुडयार्ड किपलिंग यांच्या. 'द जंगल बुक' १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. त्यात बघीराचा जन्म उदयपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात होतो. एके दिवशी पंजाच्या फटक्याने कुलूप तोडून तो जंगलात पळतो. गळपट्ट्याची खूण मात्र हनुवटीखाली राहते. लांडग्यांच्या सभेत मोगलीचा जीव वाचतो तो बघीराने नुकत्याच मारलेल्या बैलाच्या बदल्यात. पुढे माकडं मोगलीला पळवून पडक्या शहरात नेतात, तेव्हा त्यांच्यावर पहिला तुटून पडतो तोच. संख्या इतकी अंगावर येते की त्याला पाण्याच्या टाक्यात उतरावं लागतं आणि अजगर 'का' आल्यावर सुटका होते. हिरोचा हा तगडा मित्र लढतो, मार खातो, मदतही मागतो. म्हणूनच तो खरा वाटतो.

आता भंडाऱ्याकडे येऊ. किपलिंगने मोगलीला सिवनीच्या डोंगरांत ठेवलं, आणि त्या जंगलातली नदी आहे वैनगंगा. ही कल्पनेतली नदी नाही. ती मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून खाली येते आणि भंडारा शहराजवळून पवनीकडे जाते. तिथेच गोसीखुर्द धरण आहे. दुष्काळात वाघ-हरणं वैर बाजूला ठेवून एकाच काठावर पाणी पितात, तो किपलिंगचा प्रसंग याच नदीवरचा. गंमत म्हणजे किपलिंगने सिवनीचं जंगल स्वतः पाहिलं नव्हतं. रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या १८७७ च्या सिवनीवरच्या पुस्तकाचा त्याला मोठा उपयोग झाला.

खरा बिबट शेरखानसमोर उभा राहील का?

सहसा नाही. प्रौढ वाघ वजनाने बिबट्याच्या तिपटीच्या आसपास असतो. बिबट्याला वाघाची चाहूल लागली की तो वाट बदलतो, झाडावर चढतो, शिकारही फांदीवर ओढून नेतो. नागझिरा आणि कोका या भंडाऱ्याला लागून असलेल्या जंगलांत दोघंही आहेत. वाघ जंगलाचा चांगला भाग धरून बसतो, तेव्हा बिबट्याला अनेकदा कडेला सरकावं लागतं. आणि कडेला गावं आहेत, धानाची शेतं आहेत, बांधलेली जनावरं आणि मोकाट कुत्री आहेत. गोठ्यातली शेळी गेली की नुकसान गरीब घराचं होतं, आणि राग निघतो तो या 'दुसऱ्या रांगेतल्या' जनावरावर.

गावात बिबट दिसला की मोबाईल घेऊन धावणारी गर्दी सगळ्यात घातक. कोंडीत सापडलेला, पळायला वाट न उरलेला बिबट हल्ला करतो. अशा वेळी अंतर ठेवावं, त्याची वाट मोकळी ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावं.

राहता राहिला रंग. 'ब्लॅक पँथर' ही वेगळी जात नाही. तो आपला नेहमीचाच बिबट. जनुकातल्या बदलामुळे काळं रंगद्रव्य जास्त तयार होतं, एवढंच. आई-बाप दोघंही ठिपकेवाले असले तरी एखादं पिल्लू काळं निघू शकतं. उन्हात नीट पाहिलं तर काळ्या अंगावरही ठिपके दिसतात. ताडोब्यात २०१८ मध्ये पर्यटकांना असा बिबट दिसला, तेव्हा बातम्यांत त्याला लगेच नाव मिळालं: बघीरा.