मोड, हर्रास आणि बोली



लिलाव हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आला. आपल्या मराठवाड्यातली जुनी माणसे मात्र लिलाव म्हणत नाहीत, हर्रास म्हणतात. तो निजामी अमदानीतल्या कचेरीचा शब्द. एक शब्द समुद्रावरून आला आणि एक हैदराबादेहून, पण गरिबाच्या कानाला दोन्ही सारखेच कडू लागले. कारण घरातली भांडी अंगणात मांडली जाऊन त्यांची चारचौघांत बोली होण्याचा प्रसंग त्याच्यावर जप्तीच्या वेळीच येई. आज तेच काम लोक हौसेने करतात. मोबाईलवर जुन्या पंख्याचे छायाचित्र टाकतात आणि गिऱ्हाइकाची वाट पाहतात. हा फरक कसा पडला, आणि किती पडला, हा माझा आजचा विषय.

कामगार चळवळीतल्या माणसाने भांड्याकुंड्यांवर का बोलावे, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. घरातली वस्तू विकायला काढणारा माणूस आणि सकाळी नाक्यावर उभा राहून आपली मजुरी विकणारा माणूस यांची गत एकच असते. दोघांनाही आज संध्याकाळच्या आत विकायचे असते, आणि ही गोष्ट समोरच्याला ठाऊक असते.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ते साल १८७५. तिच्याच धर्तीवर पुढे गावोगाव अशा माला निघाल्या, आणि आपण आज इथे बसलो आहोत. त्याच साली, १२ मे रोजी, त्याच पुणे जिल्ह्यात सुपे गावी बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला आणि कर्जखते जाळली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या दंग्यांची ठिणगी आधीच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी पडली होती. तिथल्या एका देशमुखावर सावकाराने दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बजावणीत राहते घरच उतरवायला घेतले. घर पाडून त्याचे लाकूड विकायचे! गावाने हे उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि सावकारांवर बहिष्कार घातला. पुढचे सगळे त्यातून पेटत गेले. माझ्या मते कर्जाच्या आकड्यापेक्षा ही घर उतरवण्याची गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागली. आकडा वहीत राहतो. घराची तुळई बैलगाडीवर लादून गावातून नेली, की ती सगळ्यांना दिसते.

दंग्यांची चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले, आणि खताच्या पाठीमागे खरा व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. भूमच्या माणसाने यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला हा कायदा मिळाला. आपण सरहद्दीच्या अलीकडे, निजामाच्या राज्यात. आपल्याला तो नव्हता. बाजार मात्र एकमेकांत मिसळलेले होते. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपयांचे साधारण सहा कलदार होत. इकडचे भांडे तिकडे विकायचे तर वजनाबरोबर नाण्याचाही हिशेब करावा लागे, आणि दोन हिशेबांत अडाणी माणूस दोनदा बुडे.

ब्रिटिश मुलखात दिवाणी कायदा हळूहळू सुधारत गेला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आपण प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, यांना जप्ती लागत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि त्याच्या पोटासाठी लागणारी जनावरे व बियाणे यांनाही लागत नाही. म्हणजे मंगळसूत्र आणि तवा या दोन गोष्टी कायद्याने एकाच कलमात बसवल्या! १९५१ साली ही संहिता पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखालाही लागू झाली.

याच संहितेत लिलावाबद्दल एक बारीक नियम आहे. हुकूमनामा ज्याच्या हाती आहे त्याला कोर्टाच्या परवानगीवाचून लिलावात बोली करता येत नाही. हा नियम कशासाठी, याचा विचार करा. जप्ती आणणाराही सावकार आणि बोली करणाराही सावकार, आणि गावात त्याच्यापुढे बोली वाढवण्याची कुणाची छाती नाही. अशा जागी 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणायला फार वेळ लागत नाही. शंभराचा माल दहाला जातो आणि नव्वदाचे कर्ज अंगावर तसेच राहते.

जप्तीची गोष्ट झाली. पण जप्तीपेक्षा कितीतरी अधिक भांडी आपण आपल्या हाताने विकली आहेत, आणि तीही लिलावावाचून. तांब्याचा हंडा जुना झाला, किंवा घरात अडचण आली, की तो कासाराकडे मोडीत घालायचा. कासार तो तागडीत टाकतो, कल्हई, डाग आणि मळ यांची घट धरतो आणि मोडीचा भाव देतो. हंडा कुणी घडवला, किती ठोके पडले, बिनगळतीचा किती वर्षे टिकला, याला मोडीत किंमत नाही. वस्तूचे पुन्हा धातू होणे, हेच मोडीचे सूत्र. त्यात आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल. अमक्याच्या लग्नात तमक्याकडून, मिती अमुक. म्हणून गावातल्या गावात जुने भांडे विकणे जड जाई. विकत घेणाऱ्याच्या घरात आपल्या मामाचे नाव दिसणार! त्यापेक्षा मोडीत वितळलेले बरे, असे बायका म्हणत. अब्रू राखण्याची ही किंमत होती, आणि ती कासाराच्या तागडीत पडे.

कपड्यांचे काम बोहारणीकडे. ती दारात येई, 'वहिनी, हे लुगडं विरलंय, यावर पातेलं नाही यायचं, वाटी घ्या,' असे म्हणे, आणि घरातली बाई आणखी एक सदरा पुढे टाकी. तासभर घासाघीस चाले. यात पैसा हाताला लागतच नव्हता. जरीचा काठ असेल तर बोहारणीची नजर त्यावर आधी जाई, कारण जरीला सराफाकडे भाव होता. घरातल्या बाईला ते ठाऊक असेलच असे नाही. बोहारणीला मी दोष देत नाही. तीही दिवसभर उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी कष्टकरी बाई. पण सौदा दोघींचाच असे. दारात दुसरी बोहारीण त्या वेळी उभी नसे.

ही दुसरी बोहारीण म्हणजे आजच्या विषयाचा गाभा आहे. १९६१ साली विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने लिलावावर एक निबंध लिहिला. पुढे १९९६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने गणिताने मांडले ते घरगुती भाषेत असे सांगता येईल. एका घंगाळाला तीन गिऱ्हाइके आहेत. एकाची तयारी नऊशेपर्यंत, दुसऱ्याची बाराशेपर्यंत, तिसऱ्याची दोन हजारांपर्यंत. उघड्या लिलावात तिसरा किती देईल? बाराशेच्या किंचित वर. दुसरा गप्प बसला की त्याला पुढे जायचे कारण उरत नाही. म्हणजे वस्तू नेतो पहिला, पण भाव ठरवतो दुसरा. आता दुसऱ्याला आणि नऊशेवाल्याला उठवून लावा. एकटा उरलेला गिऱ्हाईक दोनशे म्हणेल आणि दोनशेलाच नेईल. घंगाळ तेच, मालक तोच. आम्ही मजुरीच्या बाबतीत हे फार आधी शिकलो, पण आम्हाला त्याबद्दल नोबेल कुणी दिले नाही!

अडचण एकट्यावर आली तर निदान गिऱ्हाईक शोधता येते. ती सगळ्यांवर एकदम आली की मामला उलटतो. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि संप महिनोन्‌महिने चालला. गिरणगावातल्या खोल्यांतून आधी डाग सराफाकडे गेले, मग भांडी गेली. त्या एका वस्तीत विकणारे हजारो आणि घेणारे मूठभर. लोकांची चूक काहीच नव्हती, तरी भाव पडायचा तो पडला. ज्या वेळी पैशाची गरज सर्वांत मोठी, त्याच वेळी आपल्या वस्तूची किंमत सर्वांत कमी.

याला उतारा एकच, आणि तो म्हणजे वस्तीबाहेरचा गिऱ्हाईक. तो १९९५ साली एका वेगळ्याच वाटेने आला. त्या सप्टेंबरात पिएर ओमिड्यार नावाच्या तरुणाने अमेरिकेत संगणकाच्या जाळ्यावर एक लिलावाची जागा उघडली. पुढे तिचे नाव ईबे झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे त्याचे स्वतःचे मोडके लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. ते मोडके आहे हे समजले आहे ना, असे त्याने घेणाऱ्याला विचारले. घेणाऱ्याने कळवले की मी मोडकी लेझर पॉइंटरच जमवतो. (मालकाने आपल्या वाग्दत्त वधूच्या गोळ्यांच्या डब्या जमवण्याच्या छंदासाठी ही जागा काढली, अशी गोड गोष्ट पुढे पसरली. ती कंपनीच्या प्रसिद्धीसाठी रचलेली होती.) कासाराच्या तागडीत जे शून्य होते त्याला हजार मैलांवर एक गिऱ्हाईक निघाला, आणि घरातले नाव घातलेले भांडे शेजाऱ्याला न दिसता विकण्याची सोयही झाली.

आता अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा? जॉर्ज अकेरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिले, की विकणाऱ्याला माल कसा आहे हे ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यालाच खराब मालाचा भाव देतो, आणि चांगला माल असणारा बाजारातून निघून जातो. या निबंधात हिंदुस्थानातल्या सावकारीचाही दाखला आहे. ईबेने १९९६ मध्ये यावर तोड काढली. प्रत्येक सौद्यानंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांबद्दल शेरा लिहायचा आणि तो सर्वांना दिसायचा. गावातली पत शेजाऱ्यांच्या तोंडी असते. इथे ती पाटीवर लिहिलेली झाली.

आपल्या देशात हे लोण लवकर पोहोचले. मुंबईत २००० साली बाझी डॉट कॉम निघाले, २००४ साली ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरला घेतले, २०१७ मध्ये ईबेचा इथला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती दुकानदारी बंद झाली. अठरा वर्षांत खेळ आटोपला. कारणे अनेक सांगतात. मला दिसते ते असे. आपल्याकडची जुनी वस्तू जड आणि स्वस्त. दोनशेचे कपाट पाठवायला पाचशे लागतात. शिवाय भंगारवाला दारात येऊन रोख पैसे देतो. परदेशातसुद्धा ईबेवर पुढे बोलीपेक्षा ठरल्या किमतीची विक्रीच वाढली. आपल्याकडे टिकली ती जाहिरातीची पद्धत. छायाचित्र टाका, फोन येईल, घासाघीस करा. ही सोय चांगली आहे. पण बारकाईने पाहा, यात बोली नाही. एक विकणारा, एक विचारणारा. बोहारीण मोबाईलमधून आली, एवढेच. दहा जणांनी फोन केला तरी एकाने काय भाव सांगितला हे दुसऱ्याला कळत नाही, आणि फोन उचलणाऱ्याला घाई असेल तर पहिलाच आकडा शेवटचा ठरतो. त्यात ठकही शिरले. 'पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका,' असे सांगून खाते रिकामे करतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच जाऊन सांगा.

बोली गेली नाही. ती दुसऱ्या घरी गेली. पेरणीच्या आधी बाईच्या अंगावरचा डाग सोनेतारणात जातो, आणि हप्ता थकला की त्याचा लिलाव निघतो. कलम ६० चा आडोसा इथे मिळत नाही, कारण डाग आपण होऊन गहाण टाकलेला असतो. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने सोन्यावर कर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांना नियम घातले, आणि ते वाचताना मला १९०८ ची संहिता आठवली. लिलाव कर्ज दिलेल्या शाखेच्याच गावात किंवा तालुक्यात व्हावा. त्याची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत यावी, त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे. मागच्या तीस दिवसांच्या सरासरी भावाच्या ८५ टक्क्यांखाली राखीव किंमत नसावी. आणि कंपनीने स्वतः बोली करू नये. हुकूमनामावाल्या सावकाराला जे कोर्टाने सांगितले होते, तेच एकशेपाच वर्षांनी कंपनीला सांगावे लागले. नियमांत पुढे फेरफार झाले, पण कर्ज आणि खर्च वजा जाता लिलावात जे जास्त येईल ते कर्जदाराचे, हे तत्त्व तेच आहे. म्हणून नोटीस आली की लाजेने घरात बसू नये. लिलावाची तारीख, जागा आणि राखीव किंमत विचारावी, जमल्यास सोबत चार माणसे न्यावीत, आणि लिलाव झाल्यावर किती आले, किती वळते केले, उरलेले कुठे आहे, याचा लेखी हिशेब खिडकीवर मागावा.