जय भीम कॉम्रेड

जय भीम कॉम्रेड : आनंद पटवर्धन यांचा २०११ सालचा माहितीपट. भाषा मराठी, हिंदी व इंग्रजी. लांबी सुमारे सव्वातीन तास आणि चित्रणाला लागलेली वर्षे चौदा. महाराष्ट्रातल्या आंबेडकरी आणि डाव्या शाहिरांच्या मागे कॅमेरा घेऊन वस्त्या-चाळी पालथ्या घालणारा चित्रपट म्हणून तो ओळखला जातो.

फिरत्या गायकाच्या पाठीवर राहून केलेल्या माहितीपटाचा गाजलेला नमुना म्हणजे डी. ए. पेनेबेकर यांचा ‘डोन्ट लुक बॅक’ (१९६७). बॉब डिलन यांचा १९६५ मधला इंग्लंडचा दौरा त्यात आहे. आपल्याकडे शबनम विरमाणी यांच्या ‘चलो हमारा देस’मध्ये (२००८) माळव्यातले कबीरगायक प्रह्लादसिंह टिपानिया अमेरिकेपर्यंत जातात. अशा दौऱ्यांना तारखा, तिकिटे, मुक्काम असे काहीतरी ठरलेले असते. शाहिराचे तसे नाही. सांगावा आला की ढोलकी, डफ, झांजा उचलायच्या आणि मिळेल त्या गाडीने निघायचे. रंगमंच म्हणजे चाळीचे पटांगण, पुतळ्यासमोरचा चौक, नाहीतर संपाचा मांडव. स्पीकर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर गळा आहेच.

ही परंपरा जुनी. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यात विचार भरला. पुढे भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तर उभा जन्म फिरतच राहिले. दुसरीकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्या जागवल्या. निळा आणि लाल या दोन रंगांचे एकमेकांशी कधी जमले, कधी बिनसले. चित्रपटाच्या नावातच ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ शेजारी बसवलेले आहेत, आणि त्या दोहोंतली ओढाताण एका माणसाच्या आयुष्यात दिसते. तो माणूस म्हणजे शाहीर विलास घोगरे.

पटवर्धन आणि घोगरे यांची ओळख जुनी होती. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवरच्या ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे आढळले. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला. आयुष्य डाव्या सांस्कृतिक चळवळीत गेलेल्या या माणसाने शेवटी कपाळाला बांधली होती ती निळी पट्टी.

पटवर्धन यांनी कॅमेरा सुरू केला तो तिथून. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाने पोलिसांना दोषी धरले. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप दिली आणि पुढे उच्च न्यायालयात ते जामिनावर सुटले. चित्रपट या प्रकरणाची पाठ सोडत नाही. मात्र त्याचा जीव खटल्यापेक्षा गाण्यांत आहे. घोगरे यांचे सहकारी संभाजी भगत भेटतात. मग पुण्यात २००२ साली उभा राहिलेला कबीर कला मंच येतो. मंचाच्या शीतल साठे गायला लागल्या की गर्दी गप्प होते. त्यांच्या घरातले दृश्य तर विसरता येत नाही. आई लेकीच्या या वाटेबद्दल बोलते; बोलण्यात अभिमान असतो आणि काळजीही. ती झाकण्याचा प्रयत्न आई करत नाही, कॅमेराही करत नाही.

ही जवळीक साधते कशी? पटवर्धन बहुधा स्वतःच कॅमेरा धरतात, संकलनही स्वतः करतात. प्रश्न विचारणारा त्यांचा आवाज कॅमेऱ्यामागून ऐकू येतो, त्यामुळे समोरचा माणूस भिंगाशी न बोलता ओळखीच्या माणसाशी बोलतो. गाणे अर्ध्यावर तोडून निवेदन घुसवण्याची घाईही नाही. राजकीय सभांची दृश्ये मात्र जरा लांबली आहेत, हे मान्य करायला हवे.

  पुण्याजवळ पेरण्याला कोरेगाव भीमाच्या लढाईचा जयस्तंभ आहे. दर १ जानेवारीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत जी भीमगीते कानावर पडतात, ती या चित्रपटातल्या गाण्यांचीच भावंडे.

चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि काठमांडूच्या ‘फिल्म साउथ एशिया’ महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. मोठ्या चित्रपटगृहांच्या वाटेला न जाता तो चाळींत, वस्त्यांत, पडदा टांगून दाखवला गेला. म्हणजे शाहिरांवरचा चित्रपट शाहिरांसारखाच फिरला.

तो पूर्ण होईपर्यंत त्यातले काही कलावंत भूमिगत झाले होते. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून कबीर कला मंचावर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. आरोप त्यांनी नाकारले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि मंचाचेच सचिन माळी गाणी म्हणत मुंबईत विधानभवनासमोर हजर झाले. आपण शरण आलेलो नाही, हा सत्याग्रह आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गरोदर असलेल्या साठे यांना त्याच वर्षी जूनमध्ये जामीन मिळाला; माळी यांना त्यासाठी जानेवारी २०१७ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत, थांबावे लागले.