महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणात गृहशास्त्र : एका अभ्यासविषयाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शालेय विषयाचा इतिहास हा त्या समाजाच्या अपेक्षांचाही इतिहास असतो. आहार, आरोग्य, वस्त्र, बालसंगोपन व कौटुंबिक अर्थव्यवहार यांचा अभ्यास म्हणजे गृहशास्त्र. तो कोणी शिकावा आणि कोणत्या विषयाच्या मोबदल्यात शिकावा, हा या विषयाचा मूळ वाद होय. प्रस्तुत लेखात त्या वादाचा मागोवा घेतला आहे.

१. स्वतंत्र अभ्यासक्रमाचा आग्रह :
१८८२ च्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम सोपा व गृहजीवनाशी निगडित असावा, असे सुचविले. १८८४ मध्ये न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर व वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झाले. तेथील इंग्रजी वळणाच्या शिक्षणावर लोकमान्य टिळकांनी टीका केली. मुलींना मातृभाषा, नीतिशिक्षण व शिवणकाम शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. याउलट, आगरकरांनी ‘सुधारका’तून मुलामुलींना एकच शिक्षण व तेही एकत्र द्यावे, अशी भूमिका मांडली.

२. कर्वे यांचा प्रयोग :
महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी निराळा मार्ग स्वीकारला. टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीच्या पुस्तिकेपासून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेचे माध्यम आणि गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांना अभ्यासक्रमात स्थान, ही त्याची वैशिष्ट्ये होती. स्त्रीचे प्रमुख कार्यक्षेत्र घर आहे, हे गृहीतक कर्वे यांनी नाकारले नाही. तथापि घरकामाला विद्यापीठीय विद्येची प्रतिष्ठा दिली. अमेरिकेत एलेन रिचर्ड्‌स यांच्या नेतृत्वाखाली १८९९ च्या लेक प्लॅसिड परिषदेपासून याच दिशेने प्रयत्न चालू होते. रिचर्ड्‌स स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या, ही बाब येथे लक्षणीय आहे.

३. स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर :
१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक स्तरावरील सात वैकल्पिक गटांत गृहशास्त्राचा समावेश केला. यातून विषयाला मान्यता मिळाली. मात्र तो गट मुलींचाच मानला गेल्यास विज्ञानाची वाट त्यांच्यासाठी अरुंद होण्याचा धोका होता. हंसा मेहता समितीने १९६४ च्या अहवालात मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदाला विरोध केला. ज्या विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा १९५० मध्ये उभी राहिली होती. अर्थात त्यांचा विरोध विषयाला नव्हता, सक्तीला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हीच भूमिका पुढे नेली : गृहशास्त्र ऐच्छिक असावे, तर गणित व विज्ञान पहिली दहा वर्षे सर्वांनाच अनिवार्य असावे. महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, ती याच आयोगाने पुरस्कारलेल्या नव्या आकृतिबंधानुसार.

निष्कर्ष :
गृहशास्त्राची सक्ती गेली, हे समतेच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु हे ज्ञान मुलांपर्यंत पोहोचविण्याचा समतेचा दुसरा अर्धा भाग दुर्लक्षित राहिला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील दिघ्यासारख्या वस्तीत पती-पत्नी दोघेही कामावर जात असतील, तर पोषण, घरखर्च व बालसंगोपन ही दोघांचीही जबाबदारी ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शैक्षणिक व व्यावसायिक विषयांतील कठोर विभागणी दूर करण्याचे सूचित केले आहे. त्या संदर्भात गृहशास्त्राचा विचार केवळ मुलींचा विषय म्हणून न करता सर्वांचा विषय म्हणून व्हावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.