धानाचे वाण कोणाचे? सार्वजनिक अधिक्षेत्र आणि बौद्धिक संपदा हक्क

स्मृती नगर, भिलाई : ज्या ज्ञानावर, कलाकृतीवर अथवा शोधावर कोणाचाही अनन्य हक्क नाही, किंवा असलेल्या हक्काची मुदत संपली आहे, ते ‘सार्वजनिक अधिक्षेत्रा’त आहे असे मानले जाते. भिलाईत ‘सार्वजनिक क्षेत्र’ म्हटले की पोलाद कारखानाच डोळ्यांसमोर येतो. ही संज्ञा निराळी आहे.

पुस्तकांच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. भारतात प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून कोणालाही छापता येतात. पेटंटची मुदत २० वर्षांची आहे. परंतु ज्यावर मुळात कधी हक्क नोंदलाच गेला नाही, त्याचे काय, हा प्रश्न बिकट आहे आणि छत्तीसगडने तो जवळून अनुभवला आहे.

भातशास्त्रज्ञ डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात या भागातील गावोगावच्या शेतकऱ्यांकडून धानाच्या हजारो वाणांचे नमुने गोळा केले. पुढे हा ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. सिंजेंटा या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी विद्यापीठाचा सहकार्य करार होऊ घातल्याचे २००२ मध्ये उघड झाले. शेतकरी संघटना व कार्यकर्त्यांनी तीव्र विरोध केला आणि डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने माघार घेतली.

वादाचे मूळ असे होते. पिढ्यानपिढ्या पेरल्या जाणाऱ्या वाणावर नवा शोध म्हणून कोणी हक्क सांगू शकत नाही, कारण त्यात नावीन्य नाही. मात्र त्याच वाणाच्या संकरातून तयार केलेल्या नव्या वाणाला संरक्षण मिळू शकते. म्हणजे कच्चा माल सर्वांचा आणि पक्का माल एकाचा. ‘सर्वांचे’ याचा अर्थ ‘कोणाचेच नाही’ असा लावला, की ज्यांनी वाण निवडून जपले ते शेतकरी हिशेबातून गळतात.

हळदीच्या प्रकरणात भारताची बाजू बळकट ठरली ती लेखी पुराव्यामुळे. जखमेवर हळद लावण्यासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. आजीच्या बटव्याची साक्ष तेथे पुरेशी नव्हती. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध सादर करावे लागले. बस्तरच्या शेतकऱ्याला आपल्या धानाबद्दल असलेली माहिती मात्र बहुधा कोठेच छापलेली नसते.

कायद्यांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. सिंजेंटाने माघार घेतली त्याच महिन्यात संसदेने जैविक विविधता कायदा संमत केला. विदेशी कंपन्यांना जैविक संसाधने मिळवण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्यात ‘विद्यमान वाण’ या व्याख्येत शेतकऱ्यांचे वाण तर आहेतच, शिवाय सार्वजनिक अधिक्षेत्रातील वाणांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जे सर्वांचे मानले जाते, तेही हक्काच्या नोंदवहीत येऊ शकते. भातासाठी या हक्काची कमाल मुदत १५ वर्षे. शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याची, पुन्हा पेरण्याची, देवघेव करण्याची व विकण्याची मुभा कायम आहे; फक्त संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रेखाली विकता येत नाही. अनेक गावांत पिकणारे वाण एकाच अर्जदाराच्या नावे नोंदले गेले तर इतरांचे काय, ही शंका अर्थातच रास्त आहे.

भौगोलिक निर्देशांकाचा मार्ग वेगळा. छत्तीसगडच्या जीराफूल आणि नगरी दुबराज या तांदळांना, तसेच महाराष्ट्रातील आजरा घनसाळ तांदळाला तो मिळाला आहे. ही नोंदणी १० वर्षांची असून तिचे कितीही वेळा नूतनीकरण होऊ शकते. तिचे संरक्षण बियाण्याला नसून नावाला असते. दुबराजचे बी दुसऱ्या जिल्ह्यात पेरण्यास या नोंदणीची आडकाठी नाही. तो तांदूळ ‘नगरी दुबराज’ म्हणून विकता येत नाही, इतकेच.