आइस हॉकी : संघाचा कणा ‘सेंटर’

१२ जून २००९. डेट्रॉइट येथे स्टॅन्ले करंडकाच्या अंतिम मालिकेतील सातवा आणि निर्णायक सामना. पिट्सबर्ग पेंग्विन्सचा अवघा २१ वर्षांचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी दुसऱ्या सत्रात गुडघ्याला मार बसल्याने बाहेर गेला आणि अखेरच्या सत्रात जेमतेम एकदाच बर्फावर उतरू शकला. तरीही पिट्सबर्गने २-१ अशी बाजी मारून करंडक पटकावला. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी आणि दोन्ही गोल करणारा मॅक्स टॅल्बो यांचा त्यात मोठा वाटा होताच. पण कर्णधार बाकावर असतानाही संघ कोलमडला नाही, कारण क्रॉस्बीच्याच जागी खेळणारे आणखी दोन अव्वल खेळाडू पिट्सबर्गकडे होते. ही जागा म्हणजे ‘सेंटर’.

आइस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. आघाडीपटूंपैकी दोघे कडेने खेळणारे ‘विंगर’ आणि मधला ‘सेंटर’. नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएलचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. विंगरला आपापली बाजू सांभाळायची असते. सेंटरला मात्र दोन्ही टोके गाठावी लागतात. मैदानी हॉकीतील सेंटर फॉरवर्ड आणि सेंटर हाफ या दोघांची कामे एकाच खेळाडूवर सोपवावीत, असा हा प्रकार आहे. त्यामुळे होणारी दमछाक एवढी असते, की साधारण पाऊण मिनिटाने खेळाडू बदलले जातात.

सेंटरचे पहिले काम ‘फेस-ऑफ’ जिंकण्याचे. मैदानी हॉकीत पूर्वी ‘बुली’ने खेळ सुरू होत असे, त्याची आठवण करून देणारा हा प्रकार. पंच ‘पक’ ही रबरी चकती दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये टाकतो आणि ती आपल्या सहकाऱ्याकडे वळविण्यासाठी दोघांत चुरस लागते. मैदानावर यासाठी नऊ ठिकाणे आखलेली असतात. आपल्याच गोलजवळचा फेस-ऑफ हरणे म्हणजे पुढच्याच क्षणी गोलवर फटका ओढवून घेणे.

दुसरे काम बचावाचे. प्रतिस्पर्धी चाल करून आले, की सेंटर आपल्या गोलसमोर खोलवर येऊन बचावपटूंना साथ देतो. पक हाती लागताच बचावपटूचा पहिला पास बहुधा त्याच्याकडेच येतो आणि तेथून चढाई सुरू होते. तिसरे काम इतरांसाठी संधी निर्माण करण्याचे. वेन ग्रेट्झ्की या विख्यात सेंटरच्या नावावर एनएचएलच्या नियमित हंगामांतील २,८५७ गुण आहेत. त्यांपैकी ८९४ गोलांचे, तर तब्बल १,९६३ गुण सहकाऱ्यांना गोलसाठी केलेल्या साह्याचे.

मात्र एक थोर सेंटर असून भागत नाही. सामन्यात प्रत्येक संघाच्या आघाडीपटूंच्या चार तुकड्या आळीपाळीने खेळतात. म्हणजे सेंटरही चार लागतात. ढोबळमानाने पहिले दोघे गोल घडविणारे, तिसरा प्रतिस्पर्ध्यांच्या हुकमी एक्क्याला रोखणारा आणि चौथा मोजका वेळ पण चोख खेळणारा, अशी विभागणी असते. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलण्याची अखेरची संधी यजमान संघाला मिळते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या एकुलत्या एका ताऱ्यासमोर आपला भक्कम सेंटर उभा करणे यजमान प्रशिक्षकाला सोपे जाते. तारे दोन असले, की हाच डाव अवघड होतो.

२००९ मध्ये पिट्सबर्गकडे क्रॉस्बी, एव्हगेनी माल्किन आणि तिसरा जॉर्डन स्टाल होता. अंतिम मालिकेत १-२ असे पिछाडीवर असताना चौथ्या सामन्यात एक खेळाडू कमी असूनही बरोबरीचा गोल केला तो स्टालने. तो सामना पिट्सबर्गने ४-२ असा जिंकला. एडमंटन ऑइलर्सची कथाही अशीच. ग्रेट्झ्कीच्या काळात त्यांनी चार करंडक जिंकले. १९८८ मध्ये तो लॉस एंजल्सला गेला. तरी १९९० मध्ये दुसरा सेंटर मार्क मेसिए याच्या नेतृत्वाखाली एडमंटनने पुन्हा करंडक उंचावला.

असे सेंटर मिळवणे आणि टिकवणे हाच व्यवस्थापनापुढचा खरा पेच असतो. २००५-०६ च्या हंगामापासून एनएचएलने संघांच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा घातली. दोन सेंटरवर मोठी रक्कम खर्च केली, की उरलेला संघ काटकसरीने उभारावा लागतो. २०१२ मध्ये स्टाल कॅरोलायनाला गेला. त्याच्या बदल्यात आलेल्यांपैकी ब्रँडन सटर २०१५ मध्ये व्हँकूव्हरला धाडला गेला आणि तेथून निक बोनिनो आला. तिसऱ्या तुकडीची धुरा त्याने सांभाळली आणि २०१६ व २०१७ असे लागोपाठ दोन करंडक पिट्सबर्गला मिळाले.

बचावातही निपुण असलेल्या आघाडीपटूला एनएचएल दरवर्षी ‘सेल्की’ पारितोषिक देते. बोस्टनचा सेंटर पॅट्रिस बर्जरॉनने ते विक्रमी सहा वेळा पटकावले. या गुणाचे मोल अलीकडेही दिसले. कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल असे दोन असामान्य सेंटर असूनही २०२४ आणि २०२५ च्या अंतिम मालिकांत एडमंटनला फ्लोरिडाकडून हार पत्करावी लागली. २०२४ च्या बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू पराभूत संघाचा मॅकडेव्हिड ठरला. करंडक मात्र त्या दोन्ही वर्षी सेल्कीचा मानकरी ठरलेल्या फ्लोरिडाच्या कर्णधाराने, अलेक्झांडर बार्कोव्हने उचलला. एवढ्यावरून सारे श्रेय एकाच खेळाडूला देता येत नाही. पण सेंटरकडून संघाला काय हवे असते, हे त्यातून उमगते. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. वेळेवर मागे परतणाऱ्याचे झळकत नाही. करंडकासाठी मात्र दोन्ही लागतात.