हाड, आम्ल आणि जमीन

शेताच्या बांधावर पडलेलं हाड कितीतरी पावसाळे भिजतं, पण विरघळत नाही. त्यात स्फुरद भरपूर असतो. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पिकाची मुळं मात्र पाण्यात उतरलेला स्फुरदच घेऊ शकतात. मग हाडातला स्फुरद पिकाला मिळायचा कसा? या प्रश्नाचा इतिहास मला फार बोलका वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचे शेतकरी हाडांचा चुरा शेतात घालत. काही ठिकाणी पीक जोमानं येई, काही ठिकाणी काहीच फरक पडत नसे. जॉन बेनेट लॉज या तरुण जमीनदाराच्या रॉथॅमस्टेडच्या शेतातही चुरा वाया गेला. आज कारण समजतं. तिथल्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या चुनखडी मिसळलेली होती. जमीन आम्लधर्मी असेल तरच हाड हळूहळू विरघळतं.

हाडात चुना आणि फॉस्फेट घट्ट जखडलेले असतात. आम्लातले हायड्रोजनचे कण फॉस्फेटला जाऊन चिकटतात, त्यामुळे चुन्याची पकड सैल होते आणि फॉस्फेट पाण्यात उतरतं. लॉजनं हे काम जमिनीवर न सोपवता आधीच उरकलं. गंधकाम्लात हाडं मुरवून त्यानं जे खत केलं, ते ‘सुपरफॉस्फेट’. त्याचं पेटंट त्यानं 1842 मध्ये घेतलं.

गंमत अशी, की हाडांवर गंधकाम्ल घालण्याची सूचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यानं 1840 मध्येच केली होती. पण पुढे 1845 मध्ये त्यानं स्वतःचं खत बाजारात आणलं, ते मात्र मुद्दाम पाण्यात सहज न विरघळणारं. विरघळणारं खत पावसानं वाहून जाईल, ही त्याची भीती. खत टिकलं, पण पिकाच्या हाती काही लागलं नाही. माती पोषकद्रव्यं धरून ठेवते, हे 1850 च्या सुमारास जॉन थॉमस वे या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगांनी दाखवलं. 1862 मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत लीबिगनं आपली चूक मोकळेपणानं मान्य केली. एवढ्या मोठ्या माणसाचा तो मोकळेपणा मला त्याच्या शोधांइतकाच मोलाचा वाटतो.

पण गोष्ट इथं संपत नाही. माती धरून ठेवते खरी, कधी कधी ती सोडतच नाही! आपल्या कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी. तिथं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून बसतात. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चुना त्याला पुन्हा जखडतो. सामू साधारण 6 ते 7 असेल, तेव्हा स्फुरद पिकाला सर्वांत सहज मिळतो. म्हणून दळलेलं खनिज फॉस्फेट कोकणात थेट जमिनीत घातलं तरी हळूहळू उपयोगी पडतं. काळ्या रानात ते बहुतांशी पडून राहतं.

हाडांच्या चुऱ्यानं लॉजला विचारलेला प्रश्न आजही खताचं प्रत्येक पोतं आपल्याला विचारतं : तुमची जमीन कशी आहे? पोत्यावर त्याचं उत्तर छापलेलं नसतं. ते माती तपासूनच मिळतं. पोत्याला पैसे मोजण्याआधी ही तपासणी झाली, तर एकोणिसाव्या शतकातली ती फसगत आपल्या रानात पुन्हा घडणार नाही.